काइटबोर्डिंग कमी खर्चात आणि हातपाय शाबूत ठेवून: रामेश्वर, मोरजी, कल्पिटियाचे कोर्स आणि सेकंडहँड सामानाचं परीक्षण

काइटबोर्डिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवरून पाण्यावर धावण्याच्या खेळाचा, कोर्स तासांवर विकला जातो. सहा तास, नऊ तास, बारा तास, तासाला इतके रुपये. सगळे भाव तासाचे, म्हणून घेणाराही तासाचीच तुलना करतो आणि इथेच पहिल्यांदा फसतो. एका ठिकाणी पतंग पंपाने फुगवण्यापासून घड्याळ चालू होतं, दुसऱ्या ठिकाणी बार, म्हणजे पतंग चालवायची दांडी, तुमच्या हातात आल्यावर. एका ठिकाणी एका पतंगामागे तीन विद्यार्थी असतात, दुसऱ्या ठिकाणी तुम्ही एकटे. तेव्हा हिशेब ‘बार हातात असलेल्या मिनिटांचा’ करायचा.

नमुन्यादाखल आकडे धरू. तिघांच्या गटाला माणशी तासाला २,५०० रुपये, दोघांच्या जोडीला माणशी ३,०००, एकट्याला ४,५००. तिघांचं तीन तासांचं सत्र घ्या. मांडामांडीत २५ मिनिटं जातात, हार्नेस (पतंगाची ओढ अंगावर घेणारा पट्टा) आणि लीशची (माणसाला पतंगाशी जोडणाऱ्या सुरक्षादोरीची) अदलाबदल करण्यात १५. उरलेल्या १४० मिनिटांचे तीन वाटे केले तर प्रत्येकाला जेमतेम ४६ मिनिटं मिळतात आणि मोजले ७,५०० रुपये. म्हणजे बार हातात असलेल्या तासाला ९,८०० च्या आसपास. जोडीत तोच आकडा साधारण ७,७०० येतो. एकट्याने दोन तासांचं सत्र घेतलं तर ९,००० रुपयांत ९५ मिनिटं मिळतात, तासाला ५,७०० पडले. सगळ्यात स्वस्त दिसणारा गट सगळ्यात महाग निघतो.

तरी सगळेच तास एकट्याने घ्यावेत असं नाही. पहिलं सत्र जमिनीवरचं असतं. वाऱ्याची खिडकी (तुमच्यासमोर पतंग जिथे उडू शकतो तो पट्टा), लाइन्स म्हणजे पतंगाच्या दोऱ्या जोडणं, सुरक्षायंत्रणा, पतंग उचलणं आणि उतरवणं. यात दुसऱ्याची चूक बघणं हाही अभ्यासच असतो, आणि पतंग उचलायला मदतनीस लागतोच. ते सत्र जोडीत घ्या. जोडीदार शक्यतो आपल्या वजनाचा असावा, नाहीतर ९० किलोच्या माणसासाठी लावलेला पतंग ५५ किलोच्या मुलीच्या हातात येतो. पाण्यातलं काम सुरू झालं की एकट्याने, दोन-दोन तासांची सत्रं. त्याहून लांब सत्र विकत घेऊ नये, कारण दीड तासानंतर खांदे आणि लक्ष दोन्ही संपतात, आणि पुढचा अर्धा तास खारं पाणी पिण्यात जातो. जोडीचे तीन आणि एकट्याचे आठ अशा अकरा तासांचे वरच्या भावाने ४५,००० होतात. एवढ्या वेळात बहुतेकांना बोर्डवर उभं राहून काही मीटर जाता येतं. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, परतता येईपर्यंत मात्र स्वावलंबी म्हणता येत नाही आणि त्याला अजून तितकाच वेळ लागू शकतो. ‘तीन दिवसांत काइटबोर्डर व्हा’ असं जिथे लिहिलंय तिथे पुढे न वाचलेलंच बरं.

रामेश्वर

आमची पहिली पसंती. काशी-रामेश्वर करणाऱ्या मराठी माणसाला गाव नवं नाही. मंदिराच्या पलीकडे धनुष्कोडीच्या दिशेने उथळ, सपाट पाणी आहे हे मात्र यात्रेकरूंच्या लक्षात येत नाही. बेटाच्या उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी, दक्षिणेला मन्नारचं आखात, आणि वर्षात दोन हंगाम. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा, जोरदार आणि दिवसचे दिवस सलग. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा, तुलनेने सौम्य. वारा बदलला की शिकवण्याची जागाही बदलते, कारण ज्या किनाऱ्यावर वारा समुद्राकडून तिरका येतो तिथेच नवशिक्याला उतरवायचं असतं. नवख्याने हिवाळी हंगाम निवडावा. हातात नियंत्रण आलेलं असेल आणि रोज वारा हवाच असेल तर उन्हाळी.

उथळ पाण्याचा फायदा सरळ पैशांत मोजता येतो. कमरेइतक्या पाण्यात बोर्ड निसटला तर चालत जाऊन आणता येतो, पतंग पडला तर उभं राहून पुन्हा उचलता येतो. खोल पाण्यात यासाठी प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटं जातात, आणि तीही शुल्काचीच. उथळ पाण्याचा तोटाही आहे. गुडघ्याएवढ्या पाण्यात वेगाने आपटलात तर खाली वाळू, शिंपले, क्वचित प्रवाळाचे तुकडे असतात. निओप्रिनचे बूट घ्या, हेल्मेट काढू नका. मासेमारीच्या जाळ्यांचे खुंट आणि दोर कुठे आहेत ते रोज विचारून घ्या, कारण ते रोज हलतात. आणि धनुष्कोडीच्या टोकापलीकडे श्रीलंकेची सागरी हद्द फार लांब नाही. वाऱ्याबरोबर लांब जाण्याचा बेत शाळेला सांगितल्याशिवाय, परवानगीशिवाय करायचा नाही.

मदुराईपर्यंत विमान किंवा रेल्वे, तिथून रस्त्याने साधारण १७० किलोमीटर. पांबनचा नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला, तेव्हा रेल्वेनेही थेट बेटावर उतरता येतं. साधी खोली, केळीच्या पानावरचं जेवण, गरम पाण्यामुळे वेटसूटची गरज नाही (लांब बाह्यांची लायक्रा पुरते). पाच दिवस शिकायचं असेल तर राहायचं बुकिंग आठ दिवसांचं करा. वारा रजेचा अर्ज बघून वाहत नाही, आणि परतीचं तिकीट उद्याचं आहे म्हणून आज जास्त वाऱ्यात उतरण्याचा मोह हे अपघाताचं फार जुनं कारण आहे.

मोरजी, अश्वे, हरमल

मुंबई-पुण्याहून रात्रीच्या बसने सकाळी पेडणे तालुक्यात. प्रवासखर्चात याला तोड नाही. हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल, आणि भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे इथे डोळ्यांनी बघायला मिळतात. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई. ऊन तापलं की दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा, पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर तिरका येणारा, म्हणजे शिकायला योग्य. पण त्याचा जोर अनेकदा १० ते १५ नॉट एवढाच (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). मोठा पतंग लागतो, मोठा पतंग आळशी असतो, वळायला वेळ घेतो, आणि पाण्यात पडला की कमी वाऱ्यात उठत नाही. दिवसातून मिळणारा कामाचा वेळ दोन-तीन तास. शिवाय किनाऱ्याजवळ फुटणाऱ्या लाटा, ज्या नवशिक्याचा बोर्ड आणि उत्साह दोन्ही किनाऱ्यावर आणून टाकतात.

म्हणून मोरजीसाठी आमचं मत असं: पहिलं जमिनीवरचं सत्र आणि पतंग नियंत्रण इथे शनिवार-रविवारी उरकून घ्या, पाण्याचे तास रामेश्वरसाठी राखून ठेवा. दोन गोष्टी सांभाळा. सकाळी वारा जमिनीकडून असताना कुणी कितीही आग्रह केला तरी पतंग उचलायचा नाही, तो तुम्हाला समुद्रात नेईल आणि परत आणणार नाही. दुसरं, मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदीचं मुख आहे. ओहोटीला तिथला ओढा बाहेरच्या दिशेने असतो, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्तच. भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस निवडले तर त्रास कमी. कासवांच्या विणीसाठी वनखात्याने राखलेला किनाऱ्याचा पट्टा असतो, तिथे सामान पसरू नका.

पावसाळ्यात गोवा आणि कोकण दोन्ही विसरा. वारा भरपूर असतो, पण झोताझोताने येणारा, आणि समुद्र खवळलेला.

कल्पिटिया

श्रीलंकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं खाजण. मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत मोठा हंगाम, डिसेंबर मध्यापासून मार्चपर्यंत छोटा. पाणी सपाट, वारा भरवशाचा, शाळांची संख्या मोठी, त्यामुळे घासाघीस करायला वाव आणि छोट्या मापाचे पतंगही हमखास मिळतात. तोटा गर्दीचा. भर हंगामात नवशिक्यांच्या पट्ट्यात इतके पतंग असतात की लाइन्स एकमेकांत अडकतात. शिवाय विमान, व्हिसा, विमानतळावरून तीनेक तासांची गाडी. ऑगस्टमध्येच सुट्टी मिळत असेल आणि खात्रीचा वारा हवा असेल तर हा खर्च वसूल होतो. एरवी त्याच पैशांत रामेश्वरला तीन-चार तास जास्त शिकून होतं.

शाळेला फोनवर काय विचारायचं

बोटीबद्दल आधी विचारा. पाणी खोल असेल तर इंजिनाची बचावबोट पाण्यात तयार हवी, किनाऱ्यावर ताडपत्रीखाली झाकलेली नव्हे. मग शिक्षकाचं प्रमाणपत्र. आयकेओ (इंटरनॅशनल काइटबोर्डिंग ऑर्गनायझेशन) ही संस्था २००१ पासून शिक्षकांना प्रमाणपत्र देते, त्याची मुदत असते. शिकवणारा माणूस प्रमाणित आहे की फक्त शाळेचा मालक, हे नेमकं विचारा. वारा पडला तर उरलेल्या तासांचे पैसे परत की पुढच्या वेळी? हेल्मेट आणि इम्पॅक्ट जॅकेट (आपटल्याचा मार झेलणारं) शुल्कात आहे ना? हेल्मेटमध्ये रेडिओ असेल तर पाण्यातल्या तासाची किंमत वाढते, कारण १०० मीटरवरून ओरडलेलं वाऱ्यात ऐकू येत नाही.

आणि पतंगांची मापं. ज्या शाळेत सगळ्यात लहान पतंग ९ चौरस मीटरचा आहे, ती जोराच्या वाऱ्यात नवशिक्यालाही तोच देणार. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १४ नॉटचा वारा २० नॉट झाला तर ऐकायला सहाचाच फरक, पण ओढ दुप्पट. ७०-७५ किलोचा माणूस १४ ते २० नॉटमध्ये १२ चा पतंग वापरतो, पण ते बोर्डवर चालवणाऱ्याचं माप. शिकताना त्याहून लहान, सात-आठ-नऊचा. शाळेत ५ आणि ७ चे पतंग नसतील तर दुसरी शाळा बघा.

कोर्समधून हे न घेता निघू नका

बारच्या मधोमध हार्नेसच्या हुकात अडकणारा फास असतो, चिकन लूप. त्याच्या वर क्विक रिलीज, म्हणजे पुढे ढकलली की फास सोडणारी बाही. संकटात क्रम तीन पायऱ्यांचा. आधी बार सोडायचा. बहुतेक वेळा एवढ्यानेच पतंगाची ओढ जाते, आणि नेमकं हेच अंगात भिनत नाही, कारण घाबरलेला माणूस हातातली वस्तू घट्ट धरतो, बार छातीकडे ओढला जातो, आणि ओढलेल्या बारने पतंगाची ताकद वाढते. तरी थांबत नसेल तर क्विक रिलीज पुढे ढकलायचा. चिकन लूप सुटतो, पतंग एकाच पुढच्या लाइनवर, सेफ्टी लीशला लटकून निस्तेज पडतो. आणि पतंग बोटीला, खांबाला किंवा दुसऱ्याच्या लाइनला अडकून अजूनही ओढत असेल तर तिसरी पायरी: लीशही सोडून द्यायचा. पतंग गेला तर गेला.

हे शिक्षकाने तोंडी सांगून भागत नाही. बार हुकात, अंगाचा पूर्ण भार मागे टाकलेला, डोळे मिटलेले, एका हाताने दहा वेळा सोडायचं आणि दहा वेळा पुन्हा जुळवायचं. जुळवताना बाही शेवटपर्यंत बसल्याचा ‘टक्’ आवाज येतो. तो आला नाही तर आत वाळू आहे. रिलीजच्या बाहीखाली दोन-चार कण अडकले तरी ती अर्ध्यात थांबते, बाहेरून मात्र बसल्यासारखी दिसते. गोड्या पाण्यात बुडवून दोन-तीनदा पुढेमागे केली की कण निघतात. जी शाळा रोज सत्र सुरू होण्याआधी हे करून दाखवते ती चांगली, बाकी पाट्या आणि टी-शर्ट काहीही असोत.

दुसरी गोष्ट, स्वतःची सुटका. वारा पडला किंवा लाइन तुटली की किनारा ३०० मीटर दूर असतो. रिलीज केल्यानंतर लीशची जी एकटी लाइन ताणलेली आहे तिच्यावर हाताने पुढे सरकत बार गाठायचा, आधी तीच एक लाइन बारवर कित्येक वेढे गुंडाळायची, दोन अर्ध्या गाठींनी पक्की करायची, आणि मगच चारही लाइन्स एकत्र गुंडाळत पतंगाकडे जायचं. ती एक लाइन बाकीच्यांपेक्षा आखूड राहिली तरच पतंग पुन्हा जिवंत होत नाही. चारही सारख्या गुंडाळल्या तर अर्ध्या वाटेत वारा भरतो आणि हाताला वेढे पडलेले असताना पतंग उठतो. लाइन बोटांभोवती कधीच गुंडाळायची नाही. संक्रांतीचा मांजा एका छोट्या पतंगाच्या ओढीने बोट कापतो, इथे टोकाला माणूस उचलणारं कापड आहे. पतंगापाशी पोहोचल्यावर त्याची हवा सोडायची नाही, तोच तुमचा तराफा. एक टोक धरून शिडासारखा वारा घेत किनाऱ्याला यायचं. खोल पाण्यात एकदा पूर्ण करून दाखवा म्हणावं. पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि स्वस्त कोर्समधून सगळ्यात आधी गळतो तो हाच भाग.

तिसरी गोष्ट, बोर्डाशिवाय वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाणं. पतंग एका बाजूला ४५ अंशांवर स्थिर, दुसरा हात पाण्यात लांब करून त्याचीच फळी करायची आणि नागमोडी वर सरकायचं. हे आलं नाही तर निसटलेला बोर्ड परत मिळत नाही, मग लोक बोर्डाला दोरी बांधतात, आणि ताणलेल्या दोरीने परत आलेला बोर्ड थेट डोक्यात बसतो. ज्या शिक्षकाने नवशिक्याला बोर्डाची दोरी दिली त्याच्याकडे दुसरं सत्र घेऊ नका.

पतंग उचलण्याचंही थोडक्यात. मागच्या लाइनपैकी एक पुढच्या लाइनशी अदलाबदल होऊन जोडली गेली की पतंग उठताक्षणी गोल फिरत जोराच्या पट्ट्यातून खाली येतो आणि माणसाला ओढत नेतो. म्हणून जोडल्यावर बारपासून पतंगापर्यंत लाइन्स बोटांत धरून चालत जायचं. लाल डावीकडे, पुढच्या दोन मधे, मागच्या दोन बाहेर. मदतनीस पतंग पुढच्या फुगीर काठाच्या मधोमध धरतो, पतंग खिडकीच्या कडेला, तुमच्या वाऱ्याखालच्या अंगाला लाइन्सच्या दुप्पट म्हणजे ५० मीटर मोकळं. कापड फडफडत असेल तर तुम्ही जागा बदला, मदतनिसाने नव्हे. किनाऱ्यावरचा कुणीही उत्साही माणूस मदतनीस म्हणून चालत नाही. तो हटकून पतंग वर फेकतो.

ट्रेनर काइट: घ्यावा

दोन ते तीन चौरस मीटरचा, हवा न भरायचा, कापडी कप्प्यांचा छोटा पतंग. बार आणि दोन किंवा तीन लाइन्स. तीन लाइन्सवाला घ्या, पडल्यावर तिसऱ्या लाइनने उठवता येतो आणि मनगटाचा पट्टा तिलाच जोडलेला असल्याने बार सोडला की पतंग विझतो. कोर्सच्या चार तासांएवढी किंमत पडते आणि दोन-तीन तास सहज वाचवतो, शिवाय नंतर विकता येतो. एकाच पतंगावर चार मित्र शिकले तर प्रश्नच मिटला.

वारा ८ ते १२ नॉट, म्हणजे ताशी १५ ते २२ किलोमीटर. ३ चौरस मीटरचा ट्रेनर २० नॉटमध्ये प्रौढ माणसालाही वाळूत तोंडघशी पाडतो, खेळणं समजू नका. दुपारनंतर ओहोटीला रुंद झालेली काशीद किंवा गुहागरसारखी पुळण उत्तम, फक्त घोडागाड्या आणि पर्यटकांच्या दुचाक्यांपासून लांब, आणि विजेच्या तारा नजरेतही नकोत. सराव असा: पतंग डोक्यावर बाराच्या काट्यावर न बघता एक मिनिट स्थिर. मग दहा आणि दोनच्या काट्यांमध्ये इंग्रजी आठाचा आकडा. मग एका हाताने. मग चालत चालत. पतंगाकडे न बघता त्याची जागा सांगता आली की कोर्सचे पैसे भरा. यातून जे शिकता येत नाही ते डिपॉवर, म्हणजे बार पुढे सोडून ताकद कमी करणं. मोठ्या पतंगाला ते असतं, ट्रेनरला नसतं. म्हणून ट्रेनर जमला याचा अर्थ मोठा पतंग जमला असा होत नाही, आणि ट्रेनरनंतर थेट सेकंडहँड ९ चा पतंग घेऊन एकट्याने उतरणारा माणूस कोर्सचे ४५,००० वाचवून अस्थिव्यंगतज्ज्ञाकडे त्याहून जास्त भरतो.

सेकंडहँड सामान

नवा पतंग लाखाच्या पुढे जातो. तीन-चार वर्षं वापरलेला ९ किंवा १२ चा साधारण ३५ ते ६० हजारांत मिळतो, बोर्ड १५ ते २५ हजारांत. हंगाम संपताना शाळा आपले पतंग काढून टाकतात, आणि युरोपात राहणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून चार-पाच किलोची पिशवी येऊ शकते. बोर्ड बिनधास्त जुना घ्या. ७५ किलोला १४० सेंटिमीटरच्या आसपास किंवा मोठाच, कडा उकललेली आणि इन्सर्टचे (बोर्डात बसवलेल्या धातूच्या आट्यांचे) स्क्रू सैल नाहीत ना एवढं बघा. हार्नेस अंगावर घालून, हुकाला लटकून बघावा. तो फासळ्यांवर सरकतो की नाही हे फोटोत दिसत नाही.

पतंगाचं वय वर्षांत धरू नका, उन्हात मोजा. शाळेचा दोन वर्षांचा पतंग घरगुती सहा वर्षांच्या पतंगापेक्षा म्हातारा असू शकतो. कापड दोन हातांत धरून चुरगाळा. नव्या नोटेसारखं कुरकुरलं तर ठीक. जुन्या रुमालासारखं मऊ पडलं असेल तर उन्हाने खाल्लंय, असा पतंग पाण्यावर आपटला की सरळ फाटतो. मागच्या काठाची शिवण सतत फडफडून झिजलेली आहे का, पुढच्या फुगीर काठावर वाळूने घासलेले डाग शिवणीवर आले आहेत का ते बघा. मग कापडावर छापलेल्या दाबापर्यंत, सहसा ६ ते ८ पीएसआय, फुगवा आणि चहा-पाणी, गप्पा करून तीन तासांनी या. नरम पडला तर ब्लॅडरला (हवा धरणाऱ्या आतल्या पिशवीला) बारीक भोक आहे किंवा व्हॉल्व्हचा डिंक सुटलाय. भोक स्वस्तात बुजतं. उष्ण हवेत बंद गाडीत ठेवलेल्या पतंगाचे व्हॉल्व्ह मात्र एकापाठोपाठ एक सुटत राहतात, तिथे किंमत निम्मी करा किंवा सोडा. ब्रायडलवरच्या, म्हणजे लाइन्स पतंगाला जोडणाऱ्या दोऱ्यांवरच्या कप्प्या फिरत नसतील तर दोरी त्यांच्यात करवतीसारखी कापली जाते. कप्पी आणि दोरी दोन्ही बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. २००५-०६ च्या आधीचे सी आकाराचे पतंग फुकट मिळाले तरी नकोत. त्यांची ताकद बार सोडूनही पुरेशी कमी होत नाही.

बार नवा घ्या. ४५ ते ६० हजारांना जातो, खुपतो, तरीही. २०२० मध्ये रिलीज यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे मानक आलं. त्यानुसार तपासलेला बार मागा. जुन्या बारमध्ये चिकन लूपची दोरी प्लास्टिकच्या नळीत झाकलेली असते आणि आतून झिजते, लाइन्स असमान ताणल्या जातात, रिलीजची स्प्रिंग गंजते, आणि हे सगळं पिशवीत बघून कळत नाही. जुना घ्यावाच लागला तर चारही लाइन्सची टोकं एका खिळ्याला अडकवून बार मागे ओढा. बार तिरका झाला किंवा पुढच्या-मागच्या लाइन्समध्ये बोटभर फरक पडला तर आधी लाइन्स बदलायच्या.

आणि बार त्याच कंपनीचा हवा ज्या कंपनीचा पतंग आहे, किंवा दोन्हींचा मेळ बसतो हे माहीत असलेल्याकडून तपासलेला. पुढच्या दोन लाइन्स जिथे एक होतात ती उंची प्रत्येक बारवर वेगळी असते. चुकीच्या जोडीत पतंग उडतो छान, पण रिलीज केल्यावर पूर्ण निस्तेज पडत नाही, फडफडत ओढतच राहतो. विकणारा ‘कुठल्याही पतंगाला चालतो’ म्हणाला तर किनाऱ्यावर रिलीज करून दाखव म्हणावं.

कोर्सनंतर लगेच सामान घेण्यापेक्षा त्याच शाळेत देखरेखीखाली चार-सहा तास भाड्याने चालवणं परवडतं. तुमच्या वजनाला त्या वाऱ्यात ९ चालतो की १२ हे तिथेच कळतं, आणि चुकीच्या मापाचा पतंग विकत घेण्यातला तोटा वाचतो. देखरेख म्हणजे शिक्षक किनाऱ्यावर उभा आणि बोट तयार, नुसती भाड्याची पावती नव्हे.

विम्याचं बुकिंगच्या आधी बघा. साध्या प्रवासविम्यात आणि बऱ्याच आरोग्य पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात, ‘वॉटर स्पोर्ट्स’ असं मोघम लिहिलेलं असतं. कंपनीला ईमेल करून काइटबोर्डिंग धरलंय का हे लेखी घ्या, आणि तुमच्या पतंगाने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई कुणाची हे शाळेला विचारा. पहिल्या दिवशी सहीसाठी पुढे येणाऱ्या कागदावर ती जबाबदारी बहुतेक वेळा तुमच्यावर टाकलेली असते, आणि तो कागद घाईत, सनस्क्रीन लावलेल्या हातांनी, न वाचता सही होतो.